चिपाडातली जागा

(दृश्य : सोलापुरातली एक रसवंती. चरकाच्या घुंगरांचा आवाज.)

तिसऱ्यांदा चरकातून निघालेल्या उसात रस उरत नाही. उरतं ते चिपाड, दोऱ्यादोऱ्यांचं, हाताला ओलसर, अजून जरासं गोड. गाड्यामागे त्याचा ढीग पडतो आणि दुपारपर्यंत वाळून कडकडीत होतो. एक चिपाड मोडून उन्हात धरलं की आत बारीक उभ्या नळ्या दिसतात. उभ्या उसात याच नळ्यांतून पाणी वर चढत होतं. आपली गोष्ट या पोकळ जागेची आहे.

कारण गाडीत इंधन म्हणून हायड्रोजन वायू वापरायचा तर सगळी अडचण जागेचीच. वजनाला वजन धरलं, तर पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा त्यात असते. फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रणेवर, चालणारी मोटार एका किलोत साधारण १०० किलोमीटर जाते आणि मागे फक्त पाणी सोडते. पण तो एक किलो मोकळा ठेवायचा म्हटला, तर उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तसला १२ हजार लिटरचा अख्खा टँकर लागेल. पाच किलोंना पाच टँकर! म्हणून आज तो ७०० बार दाबानं टाकीत कोंबतात. हैदराबाद रोडवरच्या ट्रकच्या टायरात साधारण ८ बार हवा असते, यावरून अंदाज करा. द्रव करून ठेवायचा, तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो.

तिसरी वाट कोळशाची.

चिपाड हवा न लागू देता भाजलं की काळा, हलका कोळसा होतो. त्यात कॉस्टिक पोटॅश हा जहाल क्षार मिसळून ७००-८०० अंशांवर पुन्हा तापवलं, की पोटॅश त्याला आतून खात जातं आणि डोळ्यांना कधीच न दिसणारी भोकं पडतात. काम चांगलं जमलं, तर एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडल्यावर २५ गुंठे भरतील. एका ग्रॅमच्या! या भिंतींना हायड्रोजनचे रेणू नुसते चिकटून बसतात. रासायनिक बंध तयार होत नाही, म्हणून हवे तेव्हा ते सोडवूनही घेता येतात. मला यातलं सगळ्यात देखणं हेच वाटतं.

(दृश्य : द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून उतू जाणारी वाफ.)

पण ही पकड फार सैल. उणे १९६ अंशांच्या या थंडीत २५ गुंठ्यांचा कोळसा आपल्या वजनाच्या सुमारे ५ टक्के हायड्रोजन धरतो. साध्या तापमानाला बहुतेक कोळशांत १ टक्काही टिकत नाही. म्हणजे ५ किलो हायड्रोजनसाठी ५०० किलोंहून जास्त कोळसा गाडीत घालायचा. आणि सोलापूरचा मे महिना ४४ अंशांचा.

१९९८ साली अमेरिकेत ग्रॅफाइटच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये ६७ टक्के हायड्रोजन साठल्याचा दावा झाला होता. जगभर खळबळ उडाली, पण दुसऱ्या कुठल्याच प्रयोगशाळेला तो आकडा पुन्हा मिळाला नाही. नमुना एवढासा असतो, की थोडा ओलावा किंवा कुठे बारीकशी गळती राहिली, तरी हिशेब फसतो.

म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा शोधनिबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो. तेलबिया आणि वनस्पतींच्या तंतूंपासून त्यांनी कोळसे केले. साध्या तापमानाला सोयाबीनच्या कोळशात १.०९ टक्के हायड्रोजन बसला, उसाच्या चोथ्याच्या कोळशात २.०५. आपल्या उसाचा हा आकडा वाचून आनंद होतो, नाही कशाला म्हणू? पण साध्या तापमानाला इतकं सहसा कुठे मिळत नाही. तेव्हा हाच प्रयोग आणखी चार ठिकाणी, चार वेगळ्या उपकरणांवर व्हायला हवा, असं मनापासून वाटतं.

साखर कारखान्यांचा बगॅस, म्हणजे हाच चोथा, मोकळा नाही. तो बॉयलरमध्ये जळतो, त्यावर वाफ आणि वीज होते. पण प्रयोगाला तेवढा लागतोय कुठे? मूठभर कोळसा पुरतो, आणि तो इथल्या पाटीभर चिपाडातून निघतो.