दुसरा चेंडू कुठे पडतो?

(ठाण्यात रोबोटिक्सच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ठाण्यातली असोत की खाडीपलीकडची नवी मुंबईतली, रोबोटिक्सची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, चेंडू फेकायला मोटर कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, चेंडू किती वेगानं सुटायला हवा? तो आकडा क्वचितच कुणाकडे असतो. मोटरची किंमत मात्र पाठ असते.

एबीयू रोबोकॉन या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेत चेंडू फेकायचं हे काम वरचेवर येतं. २०२२ साली स्पर्धा दिल्लीला होती आणि विषय चक्क आपली लगोरी. २०२५ साली मंगोलियात बास्केटबॉल. तेव्हा आज एक सोपं गणित घेऊ. टोपली जमिनीपासून २.४ मीटर उंच, रोबोट तिच्यापासून ३ मीटरवर, चेंडू सुटतो अर्ध्या मीटर उंचीवरून, ६० अंशांच्या कोनात. अकरावीच्या पुस्तकातलं प्रक्षेपकाचं सूत्र लावा. हवेचा विरोध सोडला तर वेग येतो सेकंदाला साधारण ७.३ मीटर.

आता चाक. क्रिकेटच्या नेटमधलं बोलिंग मशीन पाहिलं असेल. दोन चाकं समोरासमोर, मधून चेंडू जातो आणि चाकाच्या कडेच्या वेगाच्या जवळपास वेगानं सुटतो. स्पर्धेत बरेचजण एकच चाक आणि समोर वाकवलेला स्थिर पत्रा वापरतात. त्यात चेंडू पत्र्यावरून लोळत जातो, म्हणून त्याला कडेच्या वेगाच्या निम्माच वेग मिळतो. पण बॅकस्पिन, म्हणजे उलट्या दिशेची फिरकी, फुकट मिळतो, आणि टोपलीमागच्या फळ्यावर आपटल्यावर तोच चेंडूला खाली टोपलीकडे वळवतो. बास्केटबॉलसाठी मला ही रचना जास्त आवडते. आपल्या उदाहरणात कडेचा वेग हवा १४.६ मीटर, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरायला हवं. चाक थोडं घसरतंच, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्त.

इथवर सगळे येतात. पहिला चेंडू टोपलीत पडतो, टाळ्या होतात, व्हिडिओ ग्रुपवर जातो. मला बघायचा असतो तो लगेच मागून आलेला दुसरा चेंडू. तो बहुधा आखूड पडतो.

का, ते बघा. पाव किलोचा चेंडू ७.३ मीटर वेगानं सुटला की सुमारे ६.७ ज्यूल ऊर्जा घेऊन जातो. सव्वा किलोची, १०० मिलिमीटर व्यासाची भरीव चकती २८०० फेऱ्यांवर साठवते साधारण ६७ ज्यूल. म्हणजे एका चेंडूनं दहावा हिस्सा नेला, चेंडूचं फिरणं आणि घसरण्यात गेलेलं वेगळंच. ऊर्जा दहा टक्के गेली की वेग पाच टक्के उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं ना? सूत्रात पाच टक्के कमी वेग घाला: टोपलीपाशी चेंडू तब्बल ३५ सेंटिमीटर खाली येतो.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पहिला, जडत्व वाढवा. पण नुसतं वजन नको, ते कडेला न्या. तेवढ्याच वजनाची पातळ कडी भरीव चकतीच्या जवळपास दुप्पट ऊर्जा साठवते. दुसरा उपाय मोटरचा, आणि इथे पुष्कळ जण फसतात. २८०० हव्यात म्हणून ३००० फेऱ्यांची मोटर घेतात. डीसी मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वेगाबरोबर सरळ रेषेत उतरतो आणि नो-लोड वेगाला, म्हणजे काहीही भार नसताना ती गाठते त्या वेगाला, शून्य होतो. ३००० च्या मोटरकडे २८०० वर सुरुवातीच्या टॉर्कच्या जेमतेम सात टक्के उरतो. चाक पुन्हा वेगात येईपर्यंत तुमची पाळी संपलेली असते. तीच मोटर ४२०० ची घ्या किंवा गिअर तसा निवडा, म्हणजे २८०० वर एक तृतीयांश टॉर्क हाताशी राहतो. चाकाचा वेग मोजणारा एन्कोडर लावा, वेग खाली गेला की कंट्रोलरनं व्होल्टेज वाढवायचं. बॅटरी उतरत असताना ठरावीक पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवायची पद्धत) देऊन नेम साधायची आशा करू नका.

आणि वेग परत आल्याशिवाय पुढचा चेंडू चाकाला शिवता कामा नये. रांगेतले चेंडू एकमेकांना ढकलत असतील तर कोड कितीही सुंदर असो, उपयोग नाही. चाकाच्या अलीकडे एक अडवणारा रोलर हवाच.

चेंडू सगळे सारखे नसतात, हेही लक्षात ठेवा. फोमचा चेंडू झिजतो, मऊ पडतो. बास्केटबॉलमधली हवा कमी-जास्त असते. चाक आणि पत्रा यांतली फट चेंडूच्या व्यासापेक्षा किती कमी ठेवायची, हे नव्या आणि वापरलेल्या दोन्ही चेंडूंवर तपासून ठरवा. पत्रा सरकवता यावा म्हणून भोकं लांबट पाडा.

चाक वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर टर्न करायला द्याल तेव्हा बोअर (मधलं भोक) आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा, नाहीतर रनआउट येईल, म्हणजे चाक मध्यापासून हलून फिरेल, आणि २८०० वर अख्खी फ्रेम थरथरेल. शाफ्टला नुसता ग्रब स्क्रू (बाजूनं आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) नको, की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच, पाडून घ्या. गार्ड पॉलिकार्बोनेटचा करा. ॲक्रिलिक स्वस्त मिळतं, पण त्याचे तुकडे उडतात. आणि स्विच बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं, तोवर अडकलेला चेंडू काढायला हात घालायचा नाही.