वावरातली झोपडी आणि शाळेची खोली

नमस्कार मंडळी. गावात साथ शिरली की बाहेरून आलेल्या माणसाला ठेवायचं कुठं? ग्रामपंचायतीचं उत्तर ठरलेलं असतं: जिल्हा परिषदेची शाळा. २०२० च्या उन्हाळ्यात कोरोना आला तेव्हा तेच झालं. पुण्या-मुंबईहून परतलेली पोरं, तेलंगणात मिरची तोडायला गेलेले गडचिरोली-चंद्रपूरकडचे मजूर, सगळे चौदा-चौदा दिवस शाळेत. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण जागा रोग पाहून निवडावी लागते, आणि तिथंच आपण चुकलो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढं गावोगाव पसरला. घरात उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून वावरात जायचे. बंडीत पीठ-मीठ, भांडी, म्हातारी माणसं. वावरात चार खांब रोवायचे, पऱ्हाट्यांचे कुड, वर गवत, बाजूला ढोरं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडं वळते, हे १८९८ मध्ये सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं. पिसूचं कुणाला ठाऊक नव्हतं, पण रोग घरात आहे हे लोकांनी ताडलं होतं. घर सोडलं, जीव वाचले.

कोरोनाचा रोग श्वासात. त्याला मोकळी हवा मानवत नाही, आणि आपण काय केलं? मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, झळा लागतात म्हणून खिडक्या बंद, आणि एका वर्गात आठ-दहा माणसं! त्यापेक्षा व्हरांड्यात बाजा टाकल्या असत्या, मैदानातल्या लिंबाखाली मांडव घातला असता तर बरं झालं असतं. ज्याच्या वावरात कोठा किंवा जागलीची खोपडी आहे त्यानं तिथं राहावं. काहींनी तसं केलंही. मात्र तिथं फोन लागतो का, हे आधी पाहा. रात्री दम लागला तर हाक कुणाला मारणार? गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना रानात पाठवू नका, आणि मृगाचा पाऊस लागला की खोपडीत राहणंच कठीण.

आता दिवसांचा हिशोब. फळ्यावर खडूनं नावं आणि तारखा लिहिलेल्या असतात. सोमवारी पाच जण आले, गुरुवारी तिघं आले, त्यांनाही त्याच खोलीत घातलं. गुरुवारच्यातला एक जण आजारी निघाला, तर सोमवारच्या पाचांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवेत. ते कोण मोजतं? सोमवारचे लोक आपल्या तारखेला घरी जातात, आणि रोग त्यांच्याबरोबर. म्हणून सोबत आलेल्यांची खोली वेगळी, नंतरच्यांची वेगळी. नळावर, संडासात एका वेळी एकच माणूस. आणि ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली आला की थेट दवाखाना.

हगवणीची साथ असेल तर सगळं बदलतं. तिथं हवेपेक्षा पाणी बघायचं: संडास विहिरीपासून, हातपंपापासून लांब आहे का, पाण्यात क्लोरीन पडतं का, हात धुवायला साबण आहे का.

आणि एक गोष्ट आदेशात नसते. रात्री शाळेतून पळून जाणाऱ्या माणसाला आपण बेजबाबदार म्हणतो. बरेचदा त्याची म्हैस दोन दिवसांपासून दुसऱ्याला कासेला हात लावू देत नसते, किंवा घरी आजारी बाप एकटा असतो. पोलीस पाटलानं दम देऊन काही होत नाही. खोलीत घेतानाच विचारा: दूध कोण काढणार, ढोरांना पाणी कोण पाजणार, डबा कोण आणणार? डबा दाराशी ठेवायचा आणि मागं सरायचं. आशाताईंच्या डोक्यावर हेही टाकू नका, त्यांच्यामागं घरोघरी फिरणं आहेच.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शाळेत किती खोल्या, किती खिडक्या उघडतात, कुणाच्या वावरात कोठा रिकामा, कुणाची ढोरं कोण सांभाळेल, याची यादी करून ग्रामपंचायतीत लावून ठेवा. पुढची साथ कोणती असेल हे आज सांगता येत नाही, म्हणून यादीत पाण्याची जागाही लिहा. धन्यवाद.