सायकलवाट आणि पाण्याची चाल

नमस्कार, श्रोतेहो.

नागपूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे. चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास, आणि पचमढीजवळचं धूपगड 1352 मीटर. डोंगरात चालणाऱ्या सायकलला, म्हणजे पोरं जिला आता सरळ एमटीबी म्हणतात तिला, एवढा चढउतार भरपूर झाला. कमी पडते ती वाट. गाडरस्ते आहेत, पांदण आहेत, गुरांच्या पायवाटा आहेत; पण सायकलसाठी आखलेली आणि चार पावसाळे काढेल अशी वाट शोधावी लागते. ती आखायची कशी, खोदायची कशी आणि तिच्यावर सायकल न्यायची कशी, ते आज पाहू.

चाकांमुळे वाट खराब होते, असा समज आहे. चाक माती फक्त मोकळी करतं, ती वाहून नेतं पाणी. माथ्यावरून नाकासमोर खाली उतरणारी वाट घ्या. पहिल्या पावसाळ्यात तिच्यात बोटभर चर पडतो. पुढच्या पावसाळ्यात मुरूम निघून जातो आणि गोटे उघडे पडतात. मग सायकलवाले गोटे चुकवत बाजूच्या गवतावरून जायला लागतात, वाट रुंद होते, आणि आणखी एका पावसाळ्यात तिथे वाट नसते, नाला असतो. सरळ उतारावर सुसाट सुटण्यात मजा आहे, हे मान्य. पण ती एका हंगामाची मजा, आणि टेकडीला झालेली जखम कायमची.

म्हणून वाट उताराला आडवी काढायची. किती चढाची, याला जगभर वापरला जाणारा एक नियम आहे, निम्म्याचा. डोंगराचा उतार जितके टक्के, वाटेचा चढ त्याच्या निम्म्याहून कमी हवा. उतार मोजायला 2 मीटरची सरळ काठी घ्या. तिचं एक टोक डोंगराला टेकवून काठी समतल धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते 60 सेंटीमीटर भरलं, तर उतार 30 टक्के. वाट 15 टक्क्यांच्या आत हवी. आपल्या भुसभुशीत मुरुमात मात्र सरासरी 10 टक्क्यांवर जाऊच नका.

या नियमातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. सपाट माळ सोपा दिसतो, पण वाट तिथेच लवकर बिघडते. माळाचा उतार 6 टक्के असेल, तर वाटेला 3 टक्केसुद्धा चढ देता येत नाही; पाण्याला बाजूला पडायला जागाच नसते, ते वाटेवरूनच चालू लागतं. त्यात खाली काळी माती असेल तर विचारूच नका. ही माती पाण्यानं फुगते, चाकाला थापली जाते आणि फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, अडकून चाक जाम करते. वाळली की भेगाळते. म्हणून टेकडीच्या पायथ्याची काळी पट्टी सोडा आणि वाट मुरुमाच्या कुशीतून न्या.

आता आखणी. तुमच्या गावात पाणलोटाची कामं झाली असतील, सलग समतल चर खोदले असतील, तर ए-फ्रेम तुमच्या ओळखीची आहे. सायकलवाटेला महागडं यंत्र लागत नाही, हीच फ्रेम पुरते. सात-सात फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधा, खालचे पाय बरोबर 2 मीटर फाकवा आणि मध्ये एक आडवी काठी बांधा. शेंड्यावरून दोरी सोडा, तिला गोटा बांधा. फ्रेम जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर फ्रेम ठेवा आणि पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर समतलाची खूण येते. आता दोरी या मधल्या खुणेवर येईल अशी जागा धरा आणि एका पायाखाली 20 सेंटीमीटरचा ठोकळा सरकवा. दोरी जिथे सरकेल, ती 10 टक्क्यांची खूण. 10 सेंटीमीटरचा ठोकळा ठेवला तर 5 टक्के. आता फ्रेमचा एकेक पाय टाकत टेकडीवरून चाला, प्रत्येक पायाशी खुंटी ठोका. दोरी 10 च्या खुणेपलीकडे गेली की मागे फिरा आणि रेघ थोडी खाली घ्या. घाई इथेच नडते. आखणीला एक दिवस जास्त गेला तरी चालेल, चुकीच्या रेघेवरचं खोदकाम सगळं वाया जातं.

खोदाई पाऊस संपल्यावर, जमिनीत ओल असतानाच करावी. ओला मुरूम दबतो आणि बसतो. उन्हाळ्यात खणला तर नुसती भुकटी होते. टिकास, पावडं, सब्बल आणि घमेलं, एवढी हत्यारं पुरे. वाटेची रुंदी 60 ते 90 सेंटीमीटर, आणि ती सगळी रुंदी डोंगरात कापून काढायची. नवखे लोक इथे हमखास चुकतात. ते अर्धी वाट कापतात आणि निघालेली माती बाहेरच्या कडेला टाकून उरलेली अर्धी वाट भरावावर उभी करतात. तो भराव पहिल्या मोठ्या पावसात सायकलस्वाराच्या चाकाखालून निसटतो. काढलेली माती उतारावर लांब भिरकावून द्या.

वाटेचा तळ दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, साधारण 5 टक्के. म्हणजे 60 सेंटीमीटर रुंदीवर बाहेरची कड 3 सेंटीमीटर खाली. खात्री करायची तर तांब्याभर पाणी ओता; ते वाटेच्या लांबीनं धावलं तर कल चुकला, आडवं ओलांडून दरीकडे गेलं तर बरोबर. शिवाय साधारण दर 10-15 मीटरवर वाट थोडी उतरवून पुन्हा चढवा. या खोलगट जागी पाणी बाहेर पडतं, आणि सायकलस्वाराला तिथे छान हिंदोळा मिळतो. सिमेंटचे पाइप टाकू नका, ते पाल्यापाचोळ्यानं तुंबतात.

दोन शब्द परवानगीबद्दल. जमीन कुणाची, हे टिकास उचलण्याआधी तलाठ्याकडे पाहा. वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय फांदीही तोडायची नाही, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात सायकलवाटेचा विषयच नाही. मेळघाट तर देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटे झाडाखाली फुलं वेचायला बाया येतात, आणि अस्वलंही येतात. त्या दिवसांत ऊन वर येईपर्यंत डोंगरात शिरू नका. शेतांच्या धुऱ्यावर रानडुकरांसाठी लावलेल्या तारा असू शकतात. अंधारात वाट सोडून शॉर्टकट घेणं जिवावर बेतू शकतं.

आता सायकलीकडे. आपल्याकडचा पहिला शत्रू चढ नाही, काटा आहे. बाभूळ, हिवर, बोराटी, सगळ्यांचे काटे वाटेवर असतात. 2.2 ते 2.4 इंचांचे रुंद टायर आणि शक्य असेल तर ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव. 29 इंची टायरला 100 मिलिलिटरच्या आसपास सीलंट लागतं, पण नागपूरच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. व्हॉल्व्हमधून बारीक काडी घालून ओल तपासा, सीलंट आहेच असं गृहीत धरू नका. मोठा काटा लगेच उपटू नका. त्यानंच छिद्र बुजवलेलं असतं. सीलंट असेल तर काटा काढून छिद्र खाली येईल असं चाक फिरवा, म्हणजे ते तिथे साचून बसतं.

हवा किती? 70 किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे 23-24 आणि मागे 26-27 पौंडांपासून सुरुवात करा, ट्यूब असेल तर 5-6 पौंड जास्त. दुकानदार रस्त्याच्या सवयीनं 45 पौंड भरून देतात. तेवढ्या हवेवर चाक गोट्यांवरून नुसतं उड्या मारतं. उलट ट्यूबमध्ये हवा फार कमी ठेवली की दगडावर रिम ट्यूबला चिमटा काढते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन छिद्रं दिसली तर ती काट्यानं नव्हे, त्या चिमट्यानं पडलेली असतात. आणि हवा सावलीत मोजा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सायकल उन्हात उभी राहिली आणि टायर 60 अंशांपर्यंत तापला, तर सकाळी 30 अंशांत भरलेले 25 पौंड 29 च्या घरात जातात.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. सुट्या मुरुमाच्या खड्यांवर पुढचा ब्रेक वळणात दाबला की पुढचं चाक घसरतंच. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, डिस्क तापते आणि पकड सुटते. घट्ट दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. वजन मागच्या बाजूला, पेडल आडवे आणि नजर चाकासमोर नाही तर पाच-सहा मीटर पुढे. ब्रेकच्या पॅडचा मसाला 1 मिलिमीटरच्या खाली आला की पॅड बदला. ओल्या मुरुमाची कच तो फार लवकर खाते.

आणि चाकाची खूण मातीत खोल उमटत असेल, तर त्या दिवशी परत फिरा. ओल्या वाटेवरून गेलेल्या दहा सायकली तिला जेवढं नुकसान करतात, तेवढं अख्ख्या हिवाळ्यात होत नाही.

डागडुजीचं एक काम दरवर्षी ठरलेलं आहे. चाकांनी उडालेली माती बाहेरच्या कडेला साचते आणि तिथे वरंबा तयार होतो. वरंबा झाला म्हणजे वाटेची सरी झाली, आणि सरीत पाणी कसं चालतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. मे संपण्याआधी सकाळच्या थंडाव्यात पावड्यानं तो वरंबा कापून टाका, खोलगट जागांमधला गाळ उपसा. मग जूनचा पहिला जोराचा पाऊस आला की सायकल घरी ठेवा, छत्री घ्या आणि अख्खी वाट पायी चाला. पाणी जिथे वाटेच्या लांबीनं धावताना दिसेल, तिथे एक खुंटी ठोकून पुढे निघा. पावडं घेऊन जायचं दुसऱ्या दिवशी, उघडीप झाल्यावर.

नमस्कार.