पुसून पुसून मारलेली बॅरल

(नौपाड्यातल्या एका पावसाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं साफसूफ करून)

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? येतोय. बरं, आधी एक खुलासा, मघाशी दारात एका काकूंनी दबक्या आवाजात विचारलं म्हणून. मी पिशवीत रायफल आणलेली नाही. पिशवीत साफसफाईचे रॉड आहेत, ब्रश आहेत, फ्लॅनेलच्या चिंध्या आहेत आणि घरून बळेच दिलेली छत्री आहे. मागच्या रविवारी इथे मधुमेहावर बोलणं झालं, पुढच्या रविवारी म्युच्युअल फंड आहे, आणि मधल्या रविवारी रायफलच्या बॅरलची, म्हणजे नळीची, स्वच्छता. ज्यांनी हे वेळापत्रक बनवलं त्यांना मानलं, कारण तिन्हीकडे सांगायचं एकच आहे, उगाच नको तिथे हात घालू नका.

आता हा विषय ठाण्यात कशाला, तर १ ऑगस्ट २०२४. त्या दिवशी कोल्हापूरकडच्या आपल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ काढलं, फायनलला ४५१.४, आणि पोरगा नोकरीला कुठे तर सेंट्रल रेल्वेत. म्हणजे सेंट्रल रेल्वेचं काहीतरी वेळेवर आणि बरोब्बर जागेवर पोचलं हे ठाणेकरांनी पहिल्यांदाच बघितलं. (हशा) तेव्हापासून आईबाप मुलांना घेऊन रेंज शोधत फिरायला लागले. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर मॅडमचा लक्ष्य क्लब त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, पण आपल्याकडे मेडल आल्याशिवाय पत्ता विचारत नाहीत. असो. मुलं येतात, श्वास शिकतात, ट्रिगर शिकतात, त्या जाडजूड जॅकेटवर बाप पगार घालतो, आणि प्रॅक्टिस संपली की रायफल साफ कोण करतं विचारलं तर उत्तर येतं, "ते मामा करतात." हे क्लबातले मदतनीस मामा कशाने करतात, किती वेळा करतात, रॉड कुठून घालतात, कुणाला पत्ता नसतो. माझं भांडण तिथे आहे. मामांशी नाही हं, मामांना ज्यांनी शिकवलं त्यांच्याशी.

पॉइंट टू टू ची, म्हणजे मुलं चालवतात त्या ०.२२ इंची रायफलची, गोळी कसली असते? शिशाची. मऊ. वरून मेणाचा नाहीतर ग्रीसचा हात दिलेला. मॅचची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच. बॅरल पोलादाची. आता शिसं पोलादाचं वाकडं करणार तरी काय? हजारो गोळ्या जातात नी बॅरलला काही होत नाही. पोलादाचं वाकडं करायला पोलाद लागतं, आणि ते आपण स्वतः दुकानातून विकत आणतो, रॉड म्हणून.

मग ही रोज घासायची सवय आली कुठून? इथे एनसीसीवाले किती आहेत, हात वर करा. हां, तीन केस पांढरे झालेले आणि दोन आत्ताचे. तुम्हाला बॅरलमधून ओढायचा पुल-थ्रू आठवत असेल, एका टोकाला पितळी वजन, मग दोरी, दोरीला फासा, फाशात चिंदी, थ्री-नॉट-थ्रीला चार इंच बाय दोन इंच, एक इंच इकडे तिकडे झाला तर उस्ताद काय बोलायचे ते इथे सांगता येणार नाही, काकू बसल्यात. त्या काळी ते सगळं बरोबर होतं. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात, पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराईड व्हायचं, म्हणजे आपल्या मिठाचं सख्खं भावंड, आणि ते बॅरलभर पसरून बसायचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात आपली मीठदाणी बघा ना, आणि पाणी आलं की गंज. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल लावून भागायचं नाही. म्हणून जुने शिपाई नरसाळं लावून बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी चिंदी, मग तेल. त्याच संध्याकाळी, टाळाटाळ नाही. पण १९२० च्या दशकापासून क्लोरेट नसलेले प्रायमर यायला लागले, आणि आज मुलं जी मॅचची काडतुसं वापरतात त्यात ते मीठ अजिबात नाही. मीठ जाऊन जमाना झाला, घासणं मात्र चालू आहे, आणि ते शिस्तीच्या नावाखाली चालू आहे म्हणून कुणी प्रश्नही विचारत नाही.

उलट पॉइंट टू टू मध्ये आतला तो मेणाचा थर हवा असतो. बॅरल चकाचक केली की पहिल्या काही गोळ्या कुठेही जातात, दहा-पंधरा झाडल्या की थर बसतो नी ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, जमतो. बिडाचा तवा साबणाने खसाखसा घासला की पुढचे दोन घावन तव्यालाच चिकटतात, इथल्या निम्म्या लोकांना हे मला सांगायची गरज नाही. आणि तरी आमचे लोक मॅचच्या आदल्या रात्री बॅरल घासून ठेवतात. शुभ असतं म्हणे.

आता जरा मनातलं बोलतो. एका क्लबात, नाव घेत नाही, दुसऱ्या रांगेत दोघं हसतायत त्यांना कळलंय, एक नववीतली मुलगी होती. शांत, हात दगडासारखा, छान मारायची. ५० मीटरला दहाचं वर्तुळ किती असतं माहितीये? १०.४ मिलीमीटर. हिचे दहा पडायचे. मग हळूहळू नऊ, मग आठ, आणि एका बाजूला जात असतील तर साईट फिरवून भागतं, हे कधी वर, कधी डावीकडे, काही नियमच नाही. कोच म्हणाले श्वास चुकतोय. वडील म्हणाले मोबाईल. आई म्हणाली प्रोटीन कमी पडतंय. काडतुसांचा लॉट बदलून झाला, महागातला आणला. मानसोपचारतज्ज्ञ झाले. शेवटी आजीने पत्रिका दाखवली, शनी निघाला. पोरगी बिचारी रडायची, "काका, मी तेच करतेय." मी म्हटलं तू तेच करतेयस, रायफल तेच करत नाहीये, दाखव इकडे.

मंडळी, हे घरी करून बघण्यासारखं आहे, अर्थात बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढून, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघून आणि बोट घालून चाचपून मगच. कान साफ करायची कापसाची काडी घ्यायची आणि बॅरलच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच गोल फिरवायची. या कडेला क्राउन म्हणतात. गोळी बॅरलला शेवटचा स्पर्श करते तो इथे. ती सुटते त्या क्षणी मागचा गॅस चारी बाजूंनी सारखा सुटायला हवा, कड एका बाजूला झिजली असेल तर गॅस तिकडून आधी निसटतो आणि गोळीचं बूड ढकलतो, मग पुढचे ५० मीटर ती तशीच डगमगत जाते. तर मी काडी फिरवली. वर काही नाही, डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही, आणि खाली, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, कापसाचे धागे अडकले. भिंगातून बघितलं तर रायफलिंगच्या, म्हणजे आतल्या पिळदार चरांच्या, धारा तिथे गोल झालेल्या. मी विचारलं, साफ कोण करतं? मामा. मामांना बोलावलं, म्हटलं नेहमी करता तसं करा. मामा अत्यंत प्रामाणिक माणूस, एक दिवस खाडा नाही. त्यांनी रायफल भिंतीला उभी केली, तीन तुकड्यांचा स्टीलचा रॉड पिळून जोडला, त्याच्या प्रत्येक जोडाला बोटाला लागेल असा कंगोरा, जमिनीवर पडलेला तो तसाच उचलला, धूळ तेलासकट, आणि घातला पुढून, बॅरलच्या तोंडातून. खसाखस खसाखस. रॉड मध्ये वाकतो आणि नेमका खालच्या कडेला घासतो. रोज संध्याकाळी. म्हणजे एक माणूस रोज मनोभावे कानस चालवत होता आणि पोरीला शनी लागला होता!

पुढचं ऐका. मी कमिटीला रीतसर सांगितलं. एक सभासद म्हणाले, आम्ही वीस वर्षं असंच करतोय. म्हटलं ते दिसतंय. मीटिंग झाली, चहा-बिस्किटं झाली, ठराव झाला, आणि ठरावात काय, तर सफाईसाठी नवीन रॉड घ्यावा. घेतला. स्टीलचाच. तीन तुकड्यांचाच. (हशा) हसू नका, बिल पास झालंय. मुलीच्या वडिलांनी मात्र रायफल लायसन्सवाल्या गनस्मिथकडे नेली, त्याने लेथवर बॅरलचं टोक जरासं कापून नवा क्राउन करून दिला, आणि ग्रुप परत मिटला. शनी गेला. आणि इथे एक सांगतो, वागळे इस्टेटमध्ये गल्लोगल्ली लेथ आहेत, कारागीर एक नंबर आहेत, पण तिकडे रायफल घेऊन जाऊ नका. १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, हत्याराचं काम परवानाधारकाकडेच.

खंडेनवमीचं पण सांगून टाकतो. पूजा करा, जरूर करा, मी पण करतो. पण हळद-कुंकू लाकडी कुंद्याला लावा, बॅरलच्या तोंडाला नको. एका घरी बघितलं, वडिलोपार्जित पॉइंट टू टू, तोंडाला कुंकवाचं बोट, आत तांदूळ, वरून झेंडू, आणि धूळ जाऊ नये म्हणून तोंडात फडक्याचा बोळा, तो कोणत्या दसऱ्याचा होता देव जाणे. बोळा आत राहून गोळी झाडली तर बॅरल तिथे फुगते, फाटूही शकते, समोर उभ्या माणसाइतकाच धोका मागच्याला. आणि सगळ्याला खोबरेल चोपडलेलं! खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं हो, जानेवारीत बोल्ट हलेना म्हणून मला बोलावलं होतं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. अध्यक्ष साहेब, मुख्य विषय अजून सुरू व्हायचाय. (हशा) ठीक आहे, पटापट, लिहून घ्या.

मॅगझीन काढा, बोल्ट काढा, चेंबर बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. रायफल आडवी ठेवा, तोंड किंचित खाली, म्हणजे सॉल्व्हंट, घाण विरघळवणारं औषध, ट्रिगरमध्ये आणि कुंद्यात उतरत नाही. रॉड अखंड, एकाच तुकड्याचा, प्लास्टिकचं आवरण असलेला किंवा कार्बन फायबरचा, मूठ बेअरिंगवर फिरणारी, कारण पॅच, म्हणजे टोकाची चिंदी, चरांबरोबर वळला पाहिजे. दर वेळी घालायच्या आधी रॉड पुसा. मागून पुढे, चेंबरकडून तोंडाकडे, आणि मागे बोअर गाईड, रॉडला वाट दाखवणारी नळी, लावा म्हणजे रॉड मधोमध राहतो. ज्या रायफलला मागून रॉड जातच नाही, तिला पुढून करताना तोंडाशी गाईड हवाच, नाहीतर मामा.

सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला पॅच ढकला, तोंडातून बाहेर पडला की तिथेच काढून टाका, घाण परत आत ओढू नका, रिकामा रॉड हळू मागे घ्या. पाच-दहा मिनिटं थांबा. मग कोरडे पॅच, राखाडी फिका झाला की बास, पांढराशुभ्र यायची वाट बघत बसू नका. ब्रश रोज नको. लागलाच तर ब्राँझचा, स्टीलचा कधीच नाही, आणि पूर्ण बाहेर निघाल्याशिवाय उलटा ओढायचा नाही. खरी घाण बसते ती चेंबरच्या लगेच पुढे, गोळी चरात शिरते तिथे, काजळीचं कडं तयार होतं, कार्बन रिंग. लक्ष द्यायचं तर तिथे द्या, उरलेल्या बॅरलला प्रॅक्टिसनंतर एक-दोन पॅच पुरे. ब्रश कधी मारायचा ते टार्गेट सांगेल, ग्रुप उघडायला लागला की मारा. यावर शूटर लोकांत भांडणं आहेत, हे माझं मत.

तांब्याचं आवरण असलेली गोळी, म्हणजे मोठ्या बोअरची, तिचं तांबं चरात बसतं, त्याला अमोनियावालं सॉल्व्हंट, पॅच निळा-हिरवा येतो, पण पितळी जॅग, म्हणजे पॅच धरणारं रॉडचं टोक, वापरलात तर पितळ पण निळं सोडतं, मग तुम्ही रात्रभर घासत बसाल. आणि ते सॉल्व्हंट बॅरलमध्ये रात्रभर ठेवायचं नाही. १० मीटरची एअर रायफल वेगळी. तिथे दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटर, पण सॉल्व्हंट नको, ब्रश नको, आत सील असतात. फेल्टचे पेलेट मिळतात, ते मागून ढकलून काढा. स्प्रिंगच्या एअर गनमध्ये तेल गेलं तर दाबाने पेटतं, म्हणजे वेगळाच बार.

ठेवताना आतून तेलाचा एक पातळ पॅच, बाहेरून पुसट हात, कारण खाडीची हवा आहे आणि बोटांचा घाम आहे. फोमच्या पेटीत पावसाळाभर ठेवू नका, फोम ओल धरतो, आठ दिवसांनी छापा उमटलेला दिसेल. सिलिका जेल ठेवा, भिजली की बदला. निवडणुकीत हत्यार जमा करावं लागलं तर आधी नीट तेल देऊन द्या, परत कधी मिळेल सांगता येत नाही. आणि झाडायच्या आधी कोरड्या पॅचने ते तेल काढा.

काय म्हणालात, डब्ल्यूडी-४०? अहो ते पाणी हटवायला बनवलंय, पावसात भिजली तर मारा, मग पुसून खरं तेल लावा. वर्षभर तेवढ्यावर ठेवू नका.

झालं, झालं, माईक देतो. रॉड टेबलावर ठेवतो, बघा, वाकवून बघू नका. आणि हे चिंध्यांचं पुडकं वापरलेलं आहे, त्यावर शिसं आहे, हात लावलात तर बाहेर वडा उचलायच्या आधी साबणाने हात धुवा. नळ जिन्याखाली आहे.