मूठ सुटेपर्यंत

(दृश्य : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचं एक गाव. बाहेर पाऊस. न्हाणीत चूल, चुलीवर हंडा, धूर.)

निवेदन :

पाणी तापलंय. आजी पाय लांब करून बसल्यात आणि त्यांच्या नडग्यांच्या खोबणीत दोन महिन्यांचं बाळ उताणं पडलंय. शेजारी खोबरेल तेलाची वाटी. आधी टाळू, मग छाती, मग हात. हाताशी आल्यावर आजींचा वेग कमी होतो. करंगळीच्या बाजूनं त्या मूठ हळूच सोडवतात, बोटांच्या बेचक्यांत अडकलेला दुपट्याचा दोरा काढतात, तळव्यावर तेल फिरवतात. मूठ पुन्हा मिटते.

गावातली निम्मी पोरं या पायांवरून गेलीत. कुठलं पोर ताठ, कुठलं सैल, लंगोट बांधताना कुणाच्या मांड्या उघडतच नाहीत, हे आजींना हातानं कळतं. बाळाच्या मेंदूची वाढ तपासणारे डॉक्टरही हेच बघतात. स्नायूंचा ताठपणा, सांध्यांची मोकळीक, दोन्ही बाजू सारख्या हलतात की नाही. त्यांच्याकडे त्याला मोजमाप आहे. हॅमरस्मिथ नावाची एक तपासणी आहे, 26 मुद्द्यांची, एकूण गुण 78. आजींच्या हाताला गुण देता येत नाहीत, एवढाच फरक.

(दृश्य : मिटलेली मूठ, जवळून. अंगठा आत.)

दोन महिन्यांच्या बाळाची मूठ मिटलेलीच असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती आपोआप सुटायला लागते. त्यानंतरही एकच मूठ अंगठा आत घेऊन घट्ट राहत असेल, तर दाखवायला हवं.

मला हे माहीत नव्हतं. माझ्या बहिणीलाही नव्हतं.

माझा भाचा पाच महिन्यांचा असताना सगळं डाव्या हातानं धरायचा. खुळखुळा डाव्या हातात, आईची वेणी डाव्या हातात. घरात कौतुक. "आजोबांवर गेलाय बघ, डावखुरा होणार!" न्हाऊ घालणाऱ्या मावशी मात्र रोज सांगायच्या, "बाई, ह्याची उजवी मूठ सुटत नाही ओ. आतनं वास येतोय. सोडवून धुवावं लागतंय." बहिणीनं नेऊन दाखवलं. "वर्षाचा होऊ दे, मग बघू," असं सांगून परत पाठवलं. घरच्यांनाही तेच ऐकायचं होतं. ह्याचे बाबापण उशिराच चाललेले, होईल की हळूहळू.

वर्ष झालं. तो बसायला लागला, सरकायला लागला, पण सरकताना उजवी बाजू मागे फरफटत यायची. चौदाव्या महिन्यात निदान हातात आलं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं. त्याला ती उजव्या अंगाची.

पहिल्या वर्षात मूल डावखुरं की उजवं, हे ठरत नसतं. तेवढ्यात एकच हात पुढे येतोय असं दिसलं, तर दुसरा हात मागे पडतोय, असं समजावं. या संपूर्ण चित्रफितीत मी फक्त एक वाक्य ठेवायचं ठरवलं असतं, तर हे ठेवलं असतं.

(दृश्य : बेळगाव शहर. सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी बसमधून उतरणाऱ्या बायका, खांद्यावर मुलं.)

निवेदन :

विल्यम लिटल नावाच्या इंग्रज डॉक्टरानं 1861 मध्ये या मुलांवर लंडनला व्याख्यान दिलं. अडलेलं बाळंतपण, दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणं आणि पुढे ताठ होत जाणारे हातपाय, यांचा संबंध त्यानं जोडून दाखवला. आज त्यात आणखी कारणं माहीत आहेत. उपचार न झालेली जबर कावीळ, मेंदूतला रक्तस्राव, गर्भातच झालेली इजा. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. मेंदूची इजा वाढत जात नाही, पण वाढत्या अंगावर तिचा परिणाम मात्र बदलत राहतो.

मग निदानाला वर्ष-दीड वर्ष का लागतं? पूर्वीची रीतच तशी होती. मूल कधी बसतं, कधी चालतं, याची वाट बघायची आणि मग बोलायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास 2006 मध्ये मांडला. त्यात मुलं आठव्या महिन्यापासून ते थेट साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही एकटी चालायला लागली. म्हणजे नुसत्या चालण्याची वाट बघितली, तर दीड वर्ष हातातून जातं.

प्रेख्टल या ऑस्ट्रियन डॉक्टरानं वेगळीच वाट धरली. बाळाला हात न लावता तो नुसता बघत बसला. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळ उताणं, जागं आणि खुशीत असताना त्याच्या मानेत, धडात, मनगटांत, घोट्यांत बारीक बारीक, गोलसर हालचाली सतत चालू असतात. नाचऱ्या म्हणाव्यात अशा. त्या अजिबात दिसल्या नाहीत, तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता फार मोठी असते. यासाठी तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ पुरतो. मोबाइलवर काढलेलासुद्धा चालतो. तो बघणारा माणूस मात्र शिकलेला हवा. बाळ महिनाभर आधी जन्मलं असेल, तर तो महिना वयातून वजा करायचा, हेही विसरायचं नाही.

2017 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी अशा तपासण्या, ती हॅमरस्मिथची परीक्षा आणि मेंदूचा एमआरआय एकत्र मांडून सांगितलं की सहा महिन्यांच्या आतसुद्धा निदान करता येतं. पक्कं सांगता येत नसेल, तर 'धोका मोठा आहे' एवढं तरी सांगावं आणि उपचार लगेच सुरू करावेत.

(दृश्य : जांबोटीकडची रानवाट. पावसात दोन्ही बाजूंनी झुडपं आत आलेली.)

निवेदन :

या महिन्यांना एवढी किंमत का, ते या वाटेवर समजावून घेऊ. जन्मतः मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागातून दोन्ही हातांकडे तंतू जातात. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्यांची चढाओढ चालते. ज्यांच्यावरून हालचालींचे संदेश जास्त जातात, ते टिकतात. ज्यांना काम मिळत नाही, ते मागे सरतात. पायाखालची वाट मोकळी राहते आणि न वापरलेली एका पावसाळ्यात रान गिळून टाकतं. मेंदूचा दुखावलेला भाग आधीच कमी संदेश धाडतो. त्यात ज्या हातानं जमतं त्यानंच मूल सगळं करायला लागलं, की उरलीसुरली वाटही बुजते. मेंदू पुढेही शिकत राहतो, ते शिकणं कधीच पूर्ण थांबत नाही. पण इतकं मोकळं रान पुन्हा मिळत नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत यावर काम झालंय, हे इथल्याच लोकांना ठाऊक नसतं. जन्मताना श्वास कोंडलेल्या आणि उपचारानं वाचलेल्या बाळांवरचा तो अभ्यास बेळगाव, पाकिस्तान आणि झांबिया अशा तीन ठिकाणी एकाच वेळी झाला. शिकवलेली कार्यकर्ती दर पंधरवड्याला घरी यायची, आईला बाळाबरोबर करायचे खेळ दाखवायची. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत. निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले. खेळ शिकवलेल्या घरांतली मुलं तिसऱ्या वर्षी विकासाच्या चाचणीत पुढे होती. ज्यांच्या मेंदूला फार गंभीर इजा होती, ती बाळं त्या अभ्यासात नव्हती, हेही सांगायला हवं. तरी मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. हे यंत्रानं झालं नाही. आईच्या हातानं झालं, घरातल्या वाटी-चमच्यावर झालं.

(दृश्य : ओसरीवर एक आई मुलाला मालीश करतेय.)

मालीश चांगलीच. बाळाला स्पर्श मिळतो, झोप लागते. पण दुसऱ्यानं हलवलेल्या हातानं मेंदू शिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक यांच्या गटानं सेरेब्रल पाल्सीवरचे सगळे उपचार सिग्नलच्या दिव्यांसारखे मांडले. मूल स्वतः धडपडून, खऱ्या वस्तूसाठी, पुन्हापुन्हा जे करतं, ते हिरव्यात. नुसतं पडून ताणून घेणं खालच्या रांगेत. प्राणवायूच्या बंद पेटीत बसवायचा महागडा उपचार तर चक्क लाल. त्यासाठी दागिने गहाण टाकलेली माणसं मी पाहिलीत.

चाकांच्या वॉकरचंही तेच. कॅनडानं 2004 मध्ये तो विकायलाच बंदी घातली. त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांनी ढकलतं. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बघा. त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं, स्वतःचा भार स्वतः घेतं. पोटमाळ्यावर असेल तर खाली काढा, पण कुठल्या मुलाला तो कधी द्यायचा, हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

(दृश्य : अंगणवाडी. भिंतीवर कन्नड तक्ते.)

निवेदन :

गरोदरपणात इथं जे कार्ड मिळतं, त्याला तायी कार्ड म्हणतात. आपल्या कानाला ते 'ताई' ऐकू येतं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. एवढ्याशा शब्दात घोळ होतो, तर व्यायामाच्या कागदावर किती होत असेल? बहिणीला मिळालेला कागद इंग्रजीत होता, समजावून सांगितलं कन्नडमधून, आणि रोज मुलाला खेळवणार होती मराठी बोलणारी सासू. शेवटी एका भल्या नर्सबाईंनी बाहुली घेऊन करून दाखवलं. व्यायाम शिकवणाऱ्या प्रत्येक खोलीत अशी एक बाहुली हवी.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, मुलं तपासतं आणि पुढे धाडतं. पैसे पडत नाहीत. पथक यायचं असेल त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका. मधे शंका आली तर आशाताईंना सांगा, न थांबता. चंदगडकडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, म्हणून तेही इकडेच येतात. पावसाळ्यात एसटी चुकली की आठवड्याची फेरी जाते. म्हणून घरच्यांनी शिकून घेतलेलं तेवढं टिकतं.

(दृश्य : बहिणीचं घर. दुपार. जमिनीवर चटई.)

भाचा आता तीन वर्षांचा आहे. रोज ठरलेला वेळ त्याच्या चांगल्या, डाव्या हातावर मऊ हातमोजा चढवतात. मागे पडलेल्या हाताला काम मिळावं म्हणून. पहिले दिवस तो रडला, आजीही रडली. मग आजीनंच युक्ती काढली. व्यायाम म्हणून नाही, खाऊ म्हणून पुढे ठेवायचं.

ताटलीत चुरमुरे. उजवा हात खांद्यापासून उचलला जातो, मनगट वाकडं होतं, बोटं ताटलीवर आपटतात. पाच-सहा चुरमुरे चटईवर. पुन्हा. कुणी मदत करत नाही, आजी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसल्यात. अंगठा बाहेर येतो. एक चुरमुरा बोट आणि अंगठ्याच्या मधे सापडतो, तोंडापर्यंत जातो, ओठाला चिकटतो.

"आणखी," तो म्हणतो.