चित्राला चित्राचाच अडसर

(पडदाभर वरून उतरणारे रंगीत ठोकळे)

हा खेळ ओळखलात ना? नव्वदच्या दशकात जत्रेत, एसटी स्टँडबाहेरच्या गाड्यांवर करड्या पडद्याच्या छोट्या यंत्रात मिळायचा. आपण त्याला ब्रिक गेम म्हणायचो. मूळ नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो तयार केला, तेव्हा दवाखान्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

(ऑक्सफर्ड. जॉन रॅडक्लिफ रुग्णालय. अँब्युलन्स आत वळते.)

या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात रस्त्यावरच्या अपघातांतून वाचलेली माणसं येतात. जखम शिवली जाते, हाड बसवलं जातं. पण काहींच्या डोळ्यांसमोर नंतर तोच एक क्षण उभा राहतो. अंगावर येणारी गाडी. तडकलेली काच. भाजी चिरताना, मुलाला शाळेत सोडताना, न बोलावता. मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स वर्षानुवर्षं अशाच चित्रांवर काम करत आल्या आहेत.

त्यांचं म्हणणं असं, की ही आठवण गोष्टीसारखी सलग येत नाही, चित्र म्हणून येते. आणि एका वेळी चित्रं धरून ठेवायला मनात जागा थोडीच असते. ती जागा दुसऱ्या चित्रकामात गुंतवली, तर भयानक चित्राला घट्ट बसायला वाव मिळत नाही.

(पुन्हा ठोकळे. एक ठोकळा हवेतच वळतो.)

इथेच टेट्रिस कामाला आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना विदारक दृश्यांची फिल्म दाखवली. अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस दिला, काहींना सामान्यज्ञानाचे प्रश्न, आणि काहींना काहीच नाही. टेट्रिस खेळणाऱ्यांना ती दृश्यं नंतर कमी वेळा आठवली. प्रश्नोत्तरं खेळणाऱ्यांना मात्र नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षाही जास्त! मन कशात तरी गुंतव, असं आपण अपघातातून आलेल्या माणसाला सहज सांगतो. कशात गुंतवायचं, यावर किती अवलंबून आहे ते इथे कळतं.

(दोन खुर्च्या, मध्ये टेबल. हे प्रात्यक्षिक आहे. समोर बसलेली तरुणी अभिनेत्री आहे.)

आता नीट बघा. ती सगळी हकीकत सांगत नाही, आणि तिला कुणी विचारतही नाही. प्रश्न एवढाच: सारखं येतं ते चित्र कुठलं? ती एका वाक्यात सांगते, काचेवरचे थेंब आणि मागून येणारा हेडलाइट. बस. लगेच हातात गेम.

खेळायचं कसं, तेही शिकवावं लागतं. तिची नजर पडद्याच्या कडेला जाते, तिथे पुढे येणारे ठोकळे दिसतात. ठोकळा खाली यायच्या आधीच तो मनात फिरवायचा, कुठल्या फटीत बसेल ते मनातच बघायचं. अंगठे काम करतात ते नंतर. नुसती बटणं दाबली तर उपयोग नाही, मनातलं हे फिरवणंच महत्त्वाचं. असं साधारण वीस मिनिटं.

आणि आधीचं ते एक वाक्य गाळून चालत नाही. २०१५ च्या प्रयोगात फिल्म पाहून एक दिवस उलटल्यावर चार गट केले. एका गटाला फक्त आठवण करून दिली, एकाला फक्त टेट्रिस दिला, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. त्रास कमी झाला तो दोन्ही करणाऱ्यांचाच. आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा बदलता येते, आणि त्याच वेळात ठोकळे फिरवायचे असतात, असा संशोधकांचा विचार.

(डायरीचं पान. पेन्सिलीच्या खुणा.)

मग प्रयोगशाळेबाहेर, याच रुग्णालयात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७१ अपघातग्रस्त होते. अपघातानंतर सहा तासांच्या आत निम्म्यांनी थोडक्यात आठवून टेट्रिस खेळला, बाकीच्यांनी रुग्णालयात काय काय केलं याची नोंद लिहिली. आठवडाभर प्रत्येकाने डायरी ठेवली: चित्र आलं, की खूण. नोंद लिहिणाऱ्यांच्या खुणा सरासरी तेवीस. खेळणाऱ्यांच्या नऊच्याही आत.

महिन्याभराने दोन गटांतला फरक ठळक राहिला नव्हता. काम पुढे स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात चालू राहिलं. कोविडमध्ये अतिदक्षता विभागात राबलेले कर्मचारी, आइसलँडमध्ये जुन्या आघाताच्या आठवणी बाळगणाऱ्या स्त्रिया, यांच्यासोबतही ही पद्धत तपासली गेली.

(मुंबई लोकल. मोटरमनच्या काचेतून दिसणारे रूळ.)

रुळांवर माणूस आडवा आला तर ब्रेक लागेपर्यंत काय दिसतं, ते या काचेमागे बसणाऱ्याला विचारायलाच लागत नाही. तो पुढच्या फेरीला पुन्हा याच काचेसमोर बसतो. त्याच्यासाठी, अँब्युलन्सच्या चालकासाठी, कॅज्युअल्टीतल्या सिस्टरसाठी ही पद्धत आपल्याकडेही तपासून बघायला हवी. तिला लागतं ते एक प्रशिक्षित माणूस, एक टॅबलेट आणि वीस-पंचवीस मिनिटं.

मोबाइलवर गेम उतरवून एकट्याने हा प्रयोग करू नका. चित्रं छळत असतील, झोप उडाली असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं.