दोन पदरांची टोपली

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवरून विणकाम समजावायचं, तर आधी तुमचे हात लागतील. दोन्ही तळहात एकावर एक धरा, मधे थोडी फट राहू द्या. वरचा हात म्हणजे वरचं कापड, खालचा म्हणजे खालचं. एकच आडवा धागा वरच्या हातातून गेला, कडेला वळला आणि खालच्या हातातून परत आला. असंच चालू ठेवलं, की मागावरच उशीच्या अभ्र्यासारखी पोकळ नळी तयार होते. बाजूला शिवण नाहीच. आपली कापडी टोपली या दुपदरी विणीतून निघते.

चार चौकटींचा माग लागतो. चौकट म्हणजे ठरावीक उभे धागे एकदम वर उचलणारी फ्रेम. टेबलावरचा छोटा चालेल. मुंबईच्या घरात मोठा ठेवणार तरी कुठे! ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे एकाआड एक वाटायचे: पहिली-दुसरी चौकट वरच्या कापडाची, तिसरी-चौथी खालच्या. वरचं विणताना फक्त पहिली उचलून आडवा धागा नेणारा धोटा टाका. खालचं विणताना वरचं अख्खं कापड वाटेतून दूर व्हायला हवं, म्हणून पहिली, दुसरी आणि तिसरी. मग दुसरी एकटी. मग पहिली, दुसरी, चौथी. पुन्हा पहिल्यापासून.

एकेरी कापडाला इंचाला १२ धागे पुरत असतील, तर इथे २४ घ्या. एकूण धागे मात्र विषम ठेवा. सम झाले तर घडीपाशी दोन शेजारी धागे सारखेच चालतात आणि टोपलीच्या अंगावर उभी रेघ उमटते.

सगळी फजिती खालच्या पदरात, कारण तो दिसत नाही. वरचा एखादा धागा उचलायचा राहिला की दोन्ही पदर एकमेकांत अडकतात. मागाखाली आरसा ठेवा. इंचभर विणून झालं की दोन पदरांमधून फूटपट्टी सरकवा. अडली तर लगेच उसवा.

सुरुवात तळाकडून. पहिली-दुसरी, मग तिसरी-चौथी असं आलटून पालटून दोन बोटं विणलं, की नळीचं तोंड बंद. पुढे नळी. समजा मागावरून उतरवून धुतल्यावर ती सपाट १२ इंच रुंद भरली. खालचे दोन्ही कोपरे दाबून त्रिकोण करून टाचले, की ६ बाय ६ चा चौकोनी तळ बसतो आणि उंचीतले ३ इंच तळात जातात. ७ इंचांची टोपली हवी तर १० इंच नळी हवी. वरची कड दुमडायला आणि धुतल्यावर आटायला आणखी जास्त.

बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, जाड सुती दोरा घ्या, म्हणजे भिंती उभ्या राहतात. ताग स्वस्त पडतो, पण आपल्या जुलैत कुबट वास धरतो. सुताला मात्र ही दमट हवा मानवते: ओलाव्यात ते बळकट होतं, कमी तुटतं. ताडदेवला १८५६ साली गिरणी सुरू झाली आणि पुढे सगळं गिरणगाव उभं राहिलं, त्याला या हवेचाही हातभार होता. तेव्हा पावसाळ्यात खुशाल माग लावा. फक्त विणलेली टोपली पंख्याखाली पुरती वाळवा, मगच कोपरे टाचा.